तुमचे प्रश्न : सुई टोचून घेण्याआधी

ॲक्युपंक्चरवर आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न एकात गुंफले आहेत. सोबत रिपोर्ट पाठवून ‘सुया लावू की नको’ असे विचारणारी पत्रे मात्र बाजूला ठेवावी लागली, कारण रुग्णाला न बघता तेवढे सांगता येत नाही.

मानेच्या दुखण्यासाठी तीन महिने सुया लावून घेते आहे. दवाखान्यात माझ्या नावाची छोटी बाटली ठेवली आहे. तिच्यात स्पिरिट आणि माझ्याच सुया. दर वेळी त्याच वापरतात. ‘तुमच्या तुम्हालाच’ म्हटल्यावर भीती कसली, असे डॉक्टर म्हणतात. खरे आहे का?
— गृहिणी, भांडुप

नाही, आणि या सगळ्या पत्रांत सर्वांत आधी उत्तर द्यायला हवे ते तुमच्याच. सुई तुमची एकटीची असली म्हणजे ती निर्जंतुक असते, असे नाही. स्पिरिटने बरेच जंतू मरतात. काही जंतूंचे टणक कवच असलेले बीजाणू मात्र त्यात तग धरतात. सुईवर रक्ताचा किंवा उतींचा अंश वाळून चिकटला असेल तर त्याच्याखालचे जंतूही वाचतात. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान सात दिवस जिवंत राहतो. शिवाय ज्या हाताने दहा बाटल्या उघडायच्या, त्याच हाताने कधीतरी झाकणे बदलतात. नावाची चिठ्ठी स्पिरिटने पुसट होते, हे तुम्हीही पाहिले असेल.

दुसरी गोष्ट धातूची. पुन्हा पुन्हा वापरल्याने सुईचे टोक बोथट होते, कधी माशाच्या गळासारखे किंचित वळते. कोरड्या कापसाच्या बोळ्यातून अशी सुई ओढली तर तंतू अडकतात. कातडीतही ती तेच करते. म्हणून जुनी सुई जास्त दुखते आणि जास्त रक्त काढते. मूठ जिथे सुईला जोडलेली असते तिथे वाकून वाकून धातू थकतो आणि सुई मोडते ती बहुधा तिथेच. यासाठीच कोणतीही सुई मुठीपर्यंत आत घालायची नसते. थोडा भाग बाहेर राहिला तर मोडलेला तुकडा चिमट्याने निघतो.

आजची रीत सोपी आहे. एकदाच वापरायच्या, इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेल्या सुया सीलबंद पाकिटात मिळतात आणि उपचाराच्या एकूण खर्चात त्यांची किंमत किरकोळ असते. पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे. त्यावरची मुदत वाचा. डॉक्टरांनी हात धुतले पाहिजेत. कातडी अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून ती वाळू दिली पाहिजे. ओल्या कातडीवर सुई गेली की चुरचुरते आणि लोक समजतात सुईच वाईट होती. आत जाणाऱ्या भागाला बोट लागता कामा नये. लावताना जेवढ्या मोजल्या तेवढ्याच काढताना मोजायच्या, कारण केसांत आणि कानामागे सुई विसरणे ही गंमत नाही, अगदी नेहमीची चूक आहे. वापरलेल्या सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यात गेल्या पाहिजेत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम तेच सांगतात. दवाखान्यात तो डबा दिसत नसेल तर तेवढ्यावरूनच बरेच कळते.

तुम्ही आता काय करायचे? बाटलीतल्या सुया आजपासून बंद. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्हीच्या रक्ततपासण्या एकदा आता करून घ्या आणि शेवटच्या सुईनंतर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. एचआयव्हीची तपासणी पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात (एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणी करणारा सरकारी विभाग) मोफत होते. हेपटायटिस बीची लस घेतली नसेल तर तिचाही विचार करा. तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी गाठ आली किंवा न सुकणारी जखम झाली तर त्वचारोगतज्ज्ञांना सुयांचा इतिहास न विसरता सांगा. ती जखम साध्या अँटिबायोटिकने बरी न होणाऱ्या जंतूंची असू शकते.

मला इंजेक्शनची प्रचंड धास्ती आहे. वीस-वीस सुया कशा सोसायच्या? आणि जेवढी जास्त दुखेल तेवढा जास्त गुण, असे शेजारी सांगतात.
— विद्यार्थी, परळ

इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिचे टोक तिरके कापलेले असते. ती कातडी कापत जाते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते, टोक निमुळते असते, उतींना बाजूला सारत जाते. जाडी बघा : दवाखान्यातली २६ नंबरची इंजेक्शनची सुई ०.४५ मिलिमीटर, २२ नंबरची ०.७. ॲक्युपंक्चरची नेहमीची सुई ०.२५ मिलिमीटर, म्हणजे घरात आजोबा इन्सुलिन घेत असतील तर त्यांच्या ३१ नंबरच्या सुईएवढी. चेहऱ्यावर याहूनही बारीक वापरतात.

खोली जागेप्रमाणे बदलते. डोके आणि चेहरा इथे काही मिलिमीटर, तेही सुई आडवी धरून. कुल्ल्यासारख्या भरदार जागी मात्र पन्नास ते पंचाहत्तर मिलिमीटर लांबीची सुई लागते.

दुखण्याबद्दल शेजाऱ्यांचे अर्धेच बरोबर आहे. सुई जागेवर बसली की बधिर ठणका, जडपणा, पसरत जाणाऱ्या मुंग्या असे काहीतरी जाणवते. चिनी वैद्य त्याला ‘दे-ची’ म्हणतात. ते चालते. टाचणी रुतल्यासारखी टोकदार कळ, आगआग किंवा बोटांपर्यंत विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे हे चालत नाही. सुई मज्जातंतूला किंवा रक्तवाहिनीला लागली असेल. लगेच बोला, ती थोडी मागे घ्यायची असते. लाजून गप्प बसणारे रुग्ण आपल्याकडे फार.

सुई लागलेली असताना कूस बदलू नका. स्नायू आखडला की सुई पकडून ठेवतो आणि निघत नाही. तसे झाले तर जोर लावून ओढायची नाही. दोन मिनिटे थांबायचे, आसपासची जागा हलके चोळायची किंवा बाजूला आणखी एक सुई लावायची. पकड आपोआप सुटते.

आईचे तोंड एका बाजूला वाकडे झाले. ओळखीच्या सगळ्यांनी ‘औषधे नकोत, सरळ सुया लाव’ असा सल्ला दिला. ॲक्युपंक्चरवाल्यांकडे पाचव्या दिवशी वेळ मिळाली आहे. तोवर थांबू का?
— वाचक, मुलुंड

थांबू नका. हे उत्तर छापून येईपर्यंत तुमचा निर्णय झालेला असेल, पण हीच चूक घराघरांत होते म्हणून सविस्तर लिहितो.

तोंड वाकडे झाले की पहिला प्रश्न, हा मेंदूचा झटका तर नाही ना? कपाळाला आठ्या घालायला सांगा. वाकड्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत असतील, किंवा सोबत हात लुळा पडणे, बोबडी वळणे असे काही असेल, तर मेंदूतला झटका असण्याची शक्यता मोठी. १०८ला फोन आणि थेट मोठे रुग्णालय. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्या वेळात मुलुंडहून शीवपर्यंतची वाहतूकही मोजायची असते. आठ्या पडत असल्या-नसल्याची खात्री वाटत नसेल तरी रुग्णालयच.

आठ्याही पडत नाहीत, डोळाही मिटत नाही आणि बाकी सगळे ठीक आहे, अशी अवस्था असेल तर ते बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूची सूज म्हणजे बेल्स पाल्सी. त्यावर उपयोगी ठरलेले औषध म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या आणि त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. डायबेटिस असेल तर मात्रा व साखर यांवर डॉक्टर लक्ष ठेवतील. स्वतःहून दुकानातून आणू नका. पाचव्या दिवसाची वेळ घेऊन बसलेला रुग्ण ही संधी हातची घालवतो.

गैरसमज पिकतो तो असा : बेल्स पाल्सीचे साधारण दहातले सात रुग्ण काहीही न करता पूर्ण बरे होतात. मग ज्याने त्या काळात सुया लावल्या त्याला सुयांनी बरे केले, ज्याने लसणीचे तेल लावले त्याला लसणीने. उरलेल्या तिघांचे काय, हे कोणी सांगत नाही. गोळ्या सुरू करून सोबत सुया लावल्या तर बिघडत नाही.

आणि डोळा! पापणी मिटत नसेल तर बुबुळ कोरडे पडून जखम होते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी खाली ओढून वैद्यकीय चिकटपट्टी. बाहेर पडताना चष्मा.

जर्मनीत म्हणे चुकीच्या जागी सुया टोचल्या तरी तेवढाच गुण आला. मग हे थोतांडच ठरले ना?
— निवृत्त बँक कर्मचारी, विलेपार्ले

तुम्ही वाचलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेले १,१६२ रुग्ण घेतले होते. एका गटाला शास्त्रात सांगितलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर सुया आणि तिसऱ्याला नेहमीचा उपचार, म्हणजे गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी सुधारणा दिसली ती अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के लोकांत.

पहिले दोन आकडे बघितले तर ‘थोतांड’ म्हणावेसे वाटते. तिसरा बघितला तर ‘चमत्कार’. दोन्ही घाई आहे. बिंदू नेमका कुठे आहे याला पोथीत जेवढे महत्त्व आहे तेवढे कंबरदुखीत दिसले नाही, एवढे यातून नक्की निघते. खोटी सुईसुद्धा कातडीला टोचतेच, त्यामुळे ती साखरेच्या गोळीइतकी निष्क्रिय नसते. अर्धा तास निवांत पडून राहणे, कोणीतरी लक्ष देणे, बरे वाटेल ही आशा यांचाही वाटा आहे. आणि तिसऱ्या गटातल्या लोकांनी नेहमीचे उपचार वर्षानुवर्षे करून पाहिले होते. पुन्हा तेच मिळाल्यावर त्यांची निराशा झाली असेल तर नवल नाही.

पुढे २०१८ साली ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. खऱ्या सुया खोट्यांपेक्षा सरस ठरल्या, पण थोड्याच. काहीच न करण्यापेक्षा मात्र ठळक सरस. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेची दोलायमान स्थिती बोलकी आहे : २००९मध्ये कंबरदुखीसाठी शिफारस केली, २०१६मध्ये काढून घेतली आणि २०२१मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा शिफारस दिली. अर्धशिशी आणि ताणाच्या डोकेदुखीसाठी ती पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंग सुचवते.

आमचे मत असे की दुखणे कमी करण्याचे हे एक मध्यम ताकदीचे साधन आहे. वेदनेच्या पलीकडे यादी जसजशी लांबते, डायबेटिस, थायरॉइड, वांझपण, बहिरेपण, तसतसा पुरावा विरळ होत जातो. दवाखान्याच्या दारावरच्या पाटीत चाळीस रोग असतील तर सावध राहा.

करून पाहायचे ठरवलेत तर आधी वहीत तीन गोष्टी लिहा : दुखणे दहापैकी किती, दुखल्याशिवाय किती मिनिटे चालता येते (स्टेशनचा पूल हे मुंबईकराचे चांगले माप आहे) आणि आठवड्याला किती वेदनाशामक गोळ्या लागतात. सहा सिटिंगनंतर वही उघडा. एकही आकडा हलला नसेल तर आणखी वीस सिटिंगचे पॅकेज घेण्यात अर्थ नाही. कंबरदुखीत लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणे किंवा पाऊल लुळे पडणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी सुयांवर एक दिवसही घालवायचा नसतो.

डॉ. कोटणीस यांनी ॲक्युपंक्चर चीनहून भारतात आणले ना?
— शिक्षिका, दादर

नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकलेले शल्यविशारद. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकासोबत ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि डिसेंबर १९४२मध्ये तिथेच वारले; वय अवघे ३२. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू यांचे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन ते शिकले आणि कोलकात्यात सुरू केले. कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरची केंद्रे निघाली आणि घोटाळा झाला.

ही मुळात आपलीच मर्मविद्या, चिन्यांनी नेली, असे एका व्याख्यानात ऐकले.
— वाचक, गिरगाव

सुश्रुतसंहितेत १०७ मर्मे सांगितली आहेत, पण कशासाठी? तिथे घाव बसला तर माणूस मरतो, पंगू होतो किंवा यातना भोगतो, म्हणून शस्त्र चालवताना ती जपायची. चिनी पद्धतीतले ३६१ बिंदू मुद्दाम टोचण्यासाठी आहेत. एकाची यादी दुसऱ्याची उलटी आहे म्हणा ना. काही वैद्य करतात ते विद्धकर्म वेगळे. त्यात इंजेक्शनची पोकळ सुई क्षणभर टोचून काढतात.

चीनमधली परंपराही ‘पाच हजार वर्षे अखंड’ वगैरे नाही. १८२२ साली सम्राट दाओग्वांगने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकले होते. आजची बारीक पोलादी सुई विसाव्या शतकातली.

फक्त सुया लावून, भूल न देता ऑपरेशन होते का? अमेरिकन पत्रकाराचे झाले होते असे वडील सांगत.
— वाचक, कुर्ला

ते जेम्स रेस्टन. जुलै १९७१मध्ये पेकिंगला त्यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, पण नेहमीची बधिर करणारी इंजेक्शने देऊन. सुया लावल्या त्या नंतर, पोट फुगून दुखू लागले तेव्हा; कोपरात एक आणि गुडघ्यांखाली दोन. त्यांनी स्वतः हे नीट लिहिले होते. ऐकणाऱ्यांनी पुढे वाढवले.

पहिल्याच सिटिंगला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर म्हणाले, शरीरातले विष बाहेर पडते आहे.
— नोकरदार महिला, बोरिवली

विष वगैरे काही नाही. रक्तदाब एकदम उतरला. तुम्ही पत्रात लिहिले आहे की त्या दिवशी संकष्टी होती, सकाळपासून फक्त चहा, आणि सुया खुर्चीवर बसवून लावल्या. यापेक्षा चक्कर येण्याची जय्यत तयारी काय असते?

जांभया, मळमळ, थंड घाम, चेहरा पांढरा पडणे ही आधीची लक्षणे. दिसताच सगळ्या सुया काढायच्या, आडवे करायचे, पाय उशीवर उंच, थोड्या वेळाने साखरपाणी. पुढच्या वेळी उपवासाचा दिवस टाळा, दीड-दोन तास आधी पोहे-उपमा असे हलके खा, झोपूनच सुया लावून घ्या. संपल्यावर दहा मिनिटे बसा आणि संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये लगेच दाराशी उभ्या राहू नका.

गुडघ्याची गादी झिजली आहे. दहा सिटिंगमध्ये गादी भरून येईल, ऑपरेशन टळेल, असे सांगितले आहे.
— ज्येष्ठ नागरिक, लालबाग

गादी भरून येत नाही. सुयांनी कूर्चा पुन्हा वाढत नाही. दुखणे काही महिने कमी होऊ शकते आणि त्या काळात मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम जमला तर खरा फायदा होतो : खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, सावकाश खाली. प्रत्येक पायाला दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. एका गुडघ्याची वाटी बदललेली असेल तर त्या सांध्याच्या आसपास सुया लावू देऊ नका. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर काढणे महाकठीण.

जिममध्ये खांदा धरला. फिजिओने खांद्यावर सुया लावल्या, त्याला ‘ड्राय नीडलिंग’ म्हणतात. हे ॲक्युपंक्चरच का? लावल्यावर धाप लागल्यास काय?
— वाचक, अंधेरी

सुई तीच, विचार वेगळा. ड्राय नीडलिंगमध्ये स्नायूतली दुखरी गाठ शोधून तिच्यात सुई घालतात. मेरिडियन, म्हणजे चिनी पद्धतीत मानलेल्या शरीरातल्या ऊर्जेच्या वाटा, वगैरे मानत नाहीत. ॲक्युप्रेशर आणि कोरियन सुजोकमध्ये बहुतेक वेळा टोचणे नसतेच. दाब किंवा चिकटपट्टीखाली मेथीचा दाणा.

धापेचा प्रश्न महत्त्वाचा. मान आणि खांदा यांच्या मधल्या उंचवट्याखाली फुप्फुसाचे टोक असते. सडपातळ माणसात सुई सरळ खाली गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. दुर्मीळ आहे, पण होते. जाणकार तिथला स्नायू चिमटीत उचलून आडवी सुई घालतात. सुयांनंतर दोन दिवसांत श्वास घेताना छातीत टोचले, कोरडा खोकला आला, धाप लागली तर कॅज्युअल्टीत जा आणि ‘इथे, अमुक वेळेला सुई लावली’ असे आपणहून सांगा, म्हणजे छातीचा एक्स-रे लगेच निघेल. तोवर विमानप्रवास नको.

थोडक्यात उत्तरे

*रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे* (चेंबूर) : मनाने बंद करू नका. आधी सांगा, बारीक सुया वरवर लावून, काढल्यावर जास्त वेळ दाबून ठेवतात.

*पेसमेकर* (ठाणे) : साध्या सुया चालू शकतात, सुयांना जोडून वीज देणारे मशीन नको.

*स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढल्या* (माहीम) : सुजण्याचा धोका असलेल्या त्या हाताला सुया नकोत.

*डॉक्टर नोंदणीकृत आहे हे कसे ओळखायचे?* (विक्रोळी) : महाराष्ट्राचा ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, केंद्राने २०१९मध्ये पद्धतीला मान्यता दिली. नोंदणी क्रमांक विचारा. भिंतीवरच्या परदेशी फ्रेमपेक्षा तो महत्त्वाचा.

*कानात दाणे लावून दहा किलो उतरतील?* (कांदिवली) : उतरले तर सोबत दिलेल्या डाएटच्या कागदामुळे.

*मुलाचा चष्मा सुटेल?* (डोंबिवली) : नाही. लांबचे दिसत नाही तेव्हा डोळ्याचा गोल लांबट झालेला असतो. सुईने तो आखूड होत नाही. चष्म्याचा नंबर वर्षातून एकदा तपासा आणि मुलाला रोज उजेडात मैदानावर पाठवा.